भाजी एक, नावं तीन

शाळेपासूनचे आम्ही सहा मित्र महिन्यातून एकदा दुपारी एकत्र जेवतो. निमित्त काही नसतं आणि हिशेब टीटीएमएम, म्हणजे तुझे तू, माझे मी. मागच्या खेपेला शुक्रवार पेठेतल्या एका खानावळीत बसलो होतो. चार टेबलं, स्टीलची ताटं, भिंतीवर सिद्धेश्वराचा फोटो आणि दारातच चुलीवर भाकरी थापणाऱ्या अक्का. बरोबर माझी भाची होती. ती सिंगापुरात नोकरी करते आणि सुटीवर आली होती.

ताटात भरलं वांगं, घट्ट वरण, शेंगाचटणी, तिच्यावर दही, फोडलेला कांदा आणि लसणाच्या फोडणीतली आंबट पालेभाजी. भांडण त्या पालेभाजीवरून लागलं.

"पुंटिकूरा झकास झालाय," पद्मशाली मित्र म्हणाला.

"पुंडी पल्ले म्हण की बे," लिंगायत मित्रानं दुरुस्ती केली. "ही आमची भाजी हाय. तुम्ही तिकडनं येताना वाटेत शिकला."

अक्कांनी दारातून निकाल दिला, "अंबाडी हाय ती. वाढू की ओ अजून?"

मराठीत अंबाडी, उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये पुंडी, तेलंगणाच्या तेलुगूत पुंटिकूरा आणि खाली आंध्रात गोंगुरा. आमच्या टेबलावर या एका पाल्याची तीन नावं चालतात आणि तिघांनाही ती आपल्या आजीची भाजी वाटते. वनस्पतिशास्त्र तिचं मूळ आफ्रिकेत नेऊन ठेवतं, म्हणजे तिन्ही आज्या बाद. भाची हसत म्हणाली, "मामा, हे तर आमच्याकडच्या न्योन्या जेवणासारखं झालं."

न्योन्या हा शब्द टेबलावर कुणालाच माहीत नव्हता. आठवड्यापूर्वीच ती ऑफिसातल्या आठजणांबरोबर तसल्या हॉटेलात जेवून आली होती. प्रत्येकापुढे भात आणि मधे पाच-सहा भांडी, ज्याला जे हवं त्यानं ते घ्यावं. एका भांड्यात काळ्या बियांच्या रश्शातली कोंबडी, दुसऱ्यात सोयाबीनच्या आंबवलेल्या वाटणातलं डुकराचं मांस, पानात गुंडाळून भाजलेला मासळीचा मसालेदार गोळा, बाजूला सांबाल म्हणजे त्यांचा ठेचा, आणि शेवटी नारळाच्या दुधातलं, ताडगुळाचं थंडगार चेंडोल. "दिसायला चायनीज, चवीला कोकणी," असं तिनं त्याचं वर्णन केलं. वर्णन ढोबळ आहे, पण माहीत नसलेल्याला दिशा दाखवायला पुरेसं आहे.

हे जेवण जन्मलं ते वाऱ्यामुळे. शिडाच्या जहाजांच्या काळात चीनकडून दक्षिणेला यायचं तर हिवाळ्यातला ईशान्येचा वारा लागे आणि परतायचं तर पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा. भारताच्या किनाऱ्यावरून तिकडे जाणाऱ्यांचं गणित नेमकं उलटं. दोन्ही वारे जिथं गाठ घालतात त्या चिंचोळ्या सामुद्रधुनीवर मलाक्का हे बंदर आहे. माल उतरवला, विकला, नवा भरला, तरी वारा फिरेपर्यंत व्यापाऱ्याला महिनोन्‌महिने तिथंच थांबावं लागे. चीनमधून बायकांनी परदेशी जायचा रिवाज नव्हता. मग फुजियान प्रांतातल्या व्यापाऱ्यांनी तिथल्याच बायकांशी संसार मांडले. मलाक्का, पेनांग आणि पुढे सिंगापूर इथल्या त्यांच्या वंशजांना पेरानाकान म्हणतात. या मलय शब्दाच्या पोटात 'आनाक' म्हणजे मूल हा शब्द आहे, अर्थ साधारण 'इथं जन्मलेले'. त्यांच्यातले पुरुष बाबा आणि बायका न्योन्या. बाबा हा शब्द फारसी-हिंदुस्थानीतून तिकडे गेला आणि न्योन्याचं मूळ पोर्तुगीजात आहे, असं सांगितलं जातं. म्हणजे समाजाचं नावसुद्धा उसनवारीचं.

घरात देव आणि पितर बापाच्या देशाचे राहिले, बोली मलयकडे झुकली आणि चूल आईच्या हाती गेली. न्योन्या बाईनं चिनी मांस घेतलं, पण त्याला वाटण दिलं मलय पद्धतीचं. लाल मिरची, छोटे कांदे, गवती चहाचे दांडे, कुळिंजन, हळद आणि बेलाचान नावाचा सुकवून आंबवलेल्या कोळंबीचा ठोकळा, असं सगळं दगडी खलात कुटलेलं. या वाटणाला रेम्पाह म्हणतात. आंबटपणाला चिंच, घट्टपणाला नारळाचं दूध. मलय शेजारी मुसलमान, त्यामुळे डुकराचं मांस त्यांच्या चुलीवर चढणं शक्य नव्हतं. न्योन्यांच्या घरात त्याच मलय मसाल्यात ते शिजत राहिलं. आणखी एक गंमत म्हणजे चिनी वंशाची ही माणसं परंपरेनं काड्यांनी नव्हे, आपल्यासारखी हातानं जेवत.

त्या काळ्या बियांची गोष्ट मला सगळ्यात आवडली. बुआ केलुआक हे त्यांचं नाव. कच्च्या बीमध्ये सायनाइडचं विष असतं. ती उकळतात, मग राखेत आणि मातीत साधारण चाळीस दिवस पुरून ठेवतात. तेवढ्या काळात विष निघून जातं आणि पांढरा गर काळा, तेलकट, कडवट-गोड होतो. एवढी उठाठेव करण्याची बुद्धी पहिल्यांदा कुणाला झाली असेल आणि त्याआधी किती जणांचा बळी गेला असेल, कोण जाणे. आपण सुरणाला आणि अळूला चिंच लावून त्यांची खाज मारतो ते त्याच जातीचं शहाणपण, फक्त चुकलं तर आपला घसा खवखवतो, त्यांचा प्राण जातो.

न्योन्या पाककृतीत मापं नसत. किती घालायचं, असं विचारलं की उत्तर यायचं, 'आगाक-आगाक', म्हणजे अंदाजानं. आपल्या आज्यांचं अंदाजपंचे दाहोदरसे ते हेच. लग्न ठरवणाऱ्या बायका मुलीच्या खलबत्त्याचा ठेका बाहेरून ऐकून तिचा हात ओळखत, असंही तिकडे सांगतात.

आता सोलापूरकडे येतो. ज्या पेठेत आम्ही जेवत होतो, तिच्यासारख्या वारांच्या नावाच्या पेठा या शहरात पुष्कळ आहेत. जुन्या शहराच्या वेशी मात्र दिशा सांगतात. एक विजापूर वेस, एक तुळजापूर वेस. विजापूर इथून साधारण शंभर किलोमीटर, कलबुर्गी त्याहून थोडं लांब, हैदराबाद तीनशेच्या आसपास. गावाचं दैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले आणि त्यांची वचनं कन्नडमध्ये. त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागे चालणारा निम्मा गाव मराठीत हरहर म्हणतो. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली. त्याच सुमाराच्या, १८७६ ते ७८ च्या दुष्काळानं दख्खन उजाड केलं होतं. निजामाच्या तेलंगणातून हातमागावरचे पद्मशाली कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन इकडे आले, येत राहिले आणि शहराचा पूर्व भाग तेलुगू बोलू लागला. सोलापुरी चादर त्यांच्या मागावरची, तिला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लिंगायत व्यापारी आधीपासूनचे, मराठा आणि धनगर भोवतालच्या खेड्यांतले, दख्खनी उर्दू बोलणारे मुसलमान आदिलशाहीपासूनचे, शिवाय मारवाडी आणि गुजराती. इंग्रजांनी इथं लावलेल्या १९३० च्या मार्शल लॉ नंतर १२ जानेवारी १९३१ रोजी ज्या चौघांना फाशी झाली त्यांची नावं म्हणून पाहा. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा. शहराची खानेसुमारी त्या चार नावांत झाली.

म्हणजे माणसं आली, वारा नसला तरी दुष्काळानं आणली, आणि परतायची वाट मिटली. मलाक्क्यासारखंच. तरीही सोलापुरात न्योन्यासारखी एका हंडीत मुरलेली नवी पाककला जन्मली नाही. का नाही, ते आपल्या एका जुन्या जोडशब्दात आहे: रोटीबेटी व्यवहार.

मलाक्क्यात आधी बेटीव्यवहार झाला. रोटी त्याच्या मागून आपोआप आली, कारण चूलच एक झाली. सोलापुरात बेटीव्यवहार बंद. पद्मशाली घरात पद्मशाली सून, लिंगायत घरात लिंगायत. चुली वेगळ्याच राहिल्या. मुंबईच्या गिरण्यांत तर दलित कामगारांना विणखात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि दुसऱ्याच्या तोंडचा धागा सवर्णाला चालत नसे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. जिथं सुताला विटाळ होता, तिथं हंडीचं काय सांगावं? आमच्या घरी संक्रांतीला शेंगपोळ्या झाल्या की आई शेजारच्या तेलुगू घरी चार पाठवायची. तिकडून वाटीभर सकिनालू यायचे, तांदळाच्या पिठाची तीळ-ओवा घातलेली तळलेली कडी. वाटी रिकामी परत करायची नाही हा नियम दोन्ही घरांचा. पण आजी ती वाटी नुसती हातात घ्यायची. खायचो आम्ही पोरं.

या वाटीवाटीच्या व्यवहारातून जे घडलं ते हंडीत घडलं नाही, ताटात घडलं. पदार्थ आपापल्या नावानिशी, आपापल्या फोडणीसह वेगळे राहिले आणि एकाच ताटात शेजारी येऊन बसले. आम्ही ज्याला भरलं वांगं म्हणतो ते कन्नड घरात येण्णेगायी आणि तेलुगू घरात गुत्ती वंकाया. प्रत्येक घराच्या वाटणात चिंच, शेंगदाणा, तीळ यांचं प्रमाण इकडचं तिकडे होतं आणि मग जेवताना त्यावर वाद घालता येतो. मला विचाराल तर येण्णेगायी सरस, पण हे मी आमच्या टेबलावर बोललो नाही. शब्दही असेच सरकले. उत्तर कर्नाटकात भुईमुगाला 'शेंगा' म्हणतात, हा मराठी शब्द. दक्षिण कर्नाटकात गेलात तर तिथं कडलेकायी. आपली शेंगपोळी सीमेपलीकडे शेंगा होळिगे होते आणि चव तीच राहते.

खानावळी हे या शहरातलं खरं बंदर. गिरणीत पाळीनं काम करणाऱ्या एकट्या माणसाला घरची चूल नव्हती. तो पैसे मोजून दुसऱ्याच्या हातचं खाऊ लागला. आजीला न चाललेली वाटी नातवाला खानावळीच्या टेबलावर मिळाली. रोटीव्यवहार सुटला तो असा, पैशानं आणि भुकेनं. बेटीव्यवहाराचं अजून फार काही सांगण्यासारखं नाही.

एका सोलापूरकरानं मात्र मलाक्क्याचा न्याय उलटा करून दाखवला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूर, १० ऑक्टोबर १९१०. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात ते होते. बाकीचे परतले, हे राहिले. १९४१ मध्ये त्यांनी गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल काही महिन्यांचं असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस वारले, आणि तो मुलगाही पुढे ऐन पंचविशीत गेला. व्ही. शांतारामांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट १९४६ चा. त्या घरात काय शिजत होतं, हे त्यात नाही. चिनी मातीत सोलापुरी शेंगाचटणीचा खल वाजला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न भाचीनं विचारला तेव्हा टेबलावर क्षणभर कुणी काही बोललं नाही.

शेंगाचटणीबद्दल आमचा सगळ्यांचा गर्व एकमुखी आहे, म्हणून तिचीही झडती घेऊ. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, मिरची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. दोन्ही पोर्तुगीजांच्या जहाजांच्या जमान्यात आशियात आल्या. अल्बुकर्कनं १५१० मध्ये गोवा घेतलं आणि लगेच पुढच्या वर्षी, १५११ मध्ये, मलाक्का. न्योन्याचं सांबाल आणि आपली चटणी लाल झाली ती एकाच मालवाहतुकीमुळे. त्याआधी दोन्हीकडे तिखटाचं काम मिरी, आलं यांनी चालवलं. बाकी ताटातली ज्वारीही आफ्रिकेतलीच, पण ती हजारो वर्षांपूर्वी आलेली, त्यामुळे तिला परकी म्हणायची आता कुणाची छाती नाही. चिंचही आफ्रिकेतली. इंग्रजीत तिला टॅमरिंड म्हणतात ते अरबी 'तम्र हिंदी'वरून, म्हणजे हिंदुस्थानी खजूर. अस्सल इथलं म्हणावं तर वांगं, तूर आणि तीळ.

पण पीक कुठलं यावर पदार्थ ठरत नाही, हातावर ठरतो. शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे, टरफलं पाखडायची आणि लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घालून कुटायचे. कुटायचेच. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. मिक्सरचं पातं दाणा कापतं, त्यामुळे आधी कोरडी भुकटी मिळते आणि फार फिरवलं तर पातळ लगदा. मुसळाच्या घावानं दाणा चिरडतो, त्याच्या पेशी फुटून तेल बाहेर येतं आणि ते लसूण-तिखटात जिरतं. म्हणून कुटलेल्या चटणीचा मुठीत गोळा होतो, मिक्सरची बोटांतून सांडते. रेम्पाह कुटणाऱ्या न्योन्या बायकांनाही हेच म्हणायचं असतं. गवती चहाचे धागे कापण्यापेक्षा चेचले की वास सुटतो. बाजारात आता यंत्रावर कांडप होतं, पण त्या यंत्रातही वर-खाली आपटणारं मुसळच असतं, पातं नसतं. चटणीवाल्यांना विज्ञान न शिकता ते कळलेलं आहे.

भाकरीचंही तसंच. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून उकळतं पाणी घालून पीठ मळायचं, म्हणजे त्यातला स्टार्च फुगून पिठाला बांधून ठेवतो. पीठ जुनं झालं की विरी जातं आणि भाकरी थापताना कडा फुटतात. कडक भाकरी म्हणजे तिचा दुष्काळी अवतार. पातळ थापलेली, तीळ लावलेली, भाजून पुन्हा धगीवर वाळवलेली. पाण्याचा अंशच उरत नाही, मग बुरशी लागणार कुठं? नीट कोरडी ठेवली तर महिनाभर टिकते. प्रवासाला निघालेल्या माणसाचं ते अन्न. भाची दरवेळी सिंगापूरला चार पाकिटं नेते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण भाकरीची कीर्ती ज्वारीच्या आधीच विमानात बसली.

जेवण संपत आलं तेव्हा आमच्यातला बागवान मित्र, जो एवढा वेळ गप्प होता, म्हणाला, "तुमच्या त्या मलाक्क्यात दालचा मिळतो का?" प्रश्न चेष्टेचा होता. दालचा म्हणजे त्याच्या घरच्या लग्नातला हमखास पदार्थ, डाळीत मटण आणि दुधी शिजवून चिंचेनं आंबट केलेला, बिर्याणीशेजारी वाढतात तो. भाची उडालीच. पेनांगमध्ये भाताबरोबर दालचा वाढतात आणि नावही हेच. दक्षिण भारतातल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी नेलेला पदार्थ. मलाक्क्यात चिट्टी नावाचा एक लहान समाजही आहे, तमिळ हिंदू व्यापारी आणि स्थानिक बायका यांच्या वंशजांचा. तेही पेरानाकानच, फक्त बाप आपल्या बाजूचा. घरी मलय बोलतात आणि देवळात शंकराची पूजा करतात. म्हणजे बेटीव्यवहार केलेली आपली माणसंही जगात आहेत, पण त्यासाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागला.

आज न्योन्या जेवणाला प्रतिष्ठा आली आहे. मलाक्का आणि पेनांगचं जॉर्ज टाउन २००८ मध्ये जागतिक वारशात गेली, २०१६ मध्ये सिंगापुरातल्या 'कँडलनट' या पेरानाकान उपाहारगृहाला मिशेलिनचा तारा मिळाला. सोलापुरी जेवणाला असलं काही मिळालेलं नाही आणि चार टेबलांच्या खानावळीला ते मिळावं अशी माझी इच्छाही नाही, कारण मग आम्हाला जागा मिळणार नाही. पण एक व्हावं असं वाटतं. पुंटिकूरा, पुंडी आणि अंबाडी या तिन्ही घरांतल्या म्हाताऱ्या बायका अजून आहेत. त्यांच्या अंदाजपंचे पाककृती कुणीतरी वजनकाटा घेऊन, त्यांच्या शेजारी चुलीपाशी बसून, तिन्ही नावांनी लिहून घ्याव्यात. तुमच्या घरात अशी आजी असेल तर सुरुवात तुम्हीच करा.

हिशेब सातजणांत वाटला. भाचीनं तिचा हिस्सा द्यायचा हट्ट केला, मामानं तो घेतला नाही, आणि टीटीएमएमचा नियम तेवढ्यापुरता मोडला. तुम्हाला त्या बाजूला जायचं असेल तर दीडच्या आत जा. दोननंतर अंबाडी संपते आणि अक्का चूल विझवतात.